चिंच लावण्याआधी

नारळाला आळं करताना आमच्यातल्या एकीला मातीत हिरवं पडलेलं एक नाणं सापडलं. तांब्या-पितळेची भांडी घासतो तसं तिनं ते चिंच नि राख लावून घासलं. नाणं लखलखीत झालं, पण वरची अक्षरं गेली. आता ते कुणाचं, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आज आम्ही हा विषय घेतलाय.

आपलं चौल हे फार जुनं बंदर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात ते ‘सेमिल्ला’ या नावानं येतं. रोमची सोन्या-चांदीची नाणी भडोचला बदलून नफा मिळतो, असंही त्यात लिहिलंय. त्यामुळे झिजलेलं नाणं दिसलं की आपल्याला रोम आठवतं. पण रोमची लहान तांब्या-काशाची नाणी जास्त सापडली ती तमिळनाडूत, करूर-मदुराईकडे. आपल्याकडे निघालेलं तांब्याचं नाणं शिवराई किंवा कंपनी सरकारचं असण्याचा संभव अधिक.

मग ओळखायचं कसं? नाणं कोरडंच ठेवायचं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात धरून हळूहळू फिरवायचं. समोरून न दिसणाऱ्या रेघा सावलीमुळे उठून दिसतात. ‘श्री राजा शिव’ किंवा मागच्या ‘छत्रपति’मधलं एखादं अक्षर लागलं, तर शिवराई. तराजू दिसला, तर बहुधा कंपनीचं. हत्ती असेल, किंवा फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं असतील, तर सातवाहनांचं असू शकतं. एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला निशाणाशेजारी उभे दोन शिपाई असतील, तर चौथ्या शतकातलं रोमन असू शकतं. सोनाराच्या काट्यावर वजन करावं, पट्टीनं रुंदी मोजावी, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत.

सातवाहनांच्या नाण्यांची एक गोष्ट आम्हांला फार आवडते. राजाच्या नावाआधी तिथे आईचं नाव येतं. राजाचं नाव झिजून नुसतं ‘गोतमिपुतस’ उरलं, तरी मोजक्या राजांपैकी हा एक, एवढं कळतं. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री. तिचा लेख नाशिकच्या लेण्यात आजही आहे. म्हणजे आपण चिंचेनं पुसतो, ते एखाद्या आईचं नावही असू शकतं.

आणखी एक. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, १० रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कुठे, किती खोल, सोबत काय निघालं, तेही लिहावं. जाणकाराला नाण्याइतकीच ही माहिती मोलाची.

आमच्या मैत्रिणीनं तिचं नाणंही कळवलंय. अक्षरं गेली, पण ते कुठल्या आळ्यात, किती हात खाली होतं, हे तिला नीट आठवत होतं. तेवढं तरी कागदावर आलं.