सीए इंटर: आधी कोणता ग्रुप द्यायचा?

फाउंडेशन पास झाल्याचा आनंद घरात आठवडाभर टिकतो. पेढे वाटून होतात, मोहल्ल्यातून मुबारकबाद येते आणि मग खरा प्रश्न समोर येतो: इंटरचा कोणता ग्रुप आधी? क्लासवाले एक सांगतात, सीनियर दुसरंच सांगतो, मामूंच्या मित्राचा मुलगा तिसरं. ज्यांचा एक ग्रुप राहिला आहे त्यांचा पेच तर आणखी मोठा असतो. तोच परत द्यायचा की तो बाजूला ठेवून दुसरा धरायचा? या प्रश्नाचं सरसकट उत्तर नाही, पण उत्तर काढायची रीत आहे. ती आम्ही इथे मांडत आहोत.

नियम बदलले, सल्ले जुनेच राहिले

जुन्या योजनेत इंटरचा एक ग्रुप पास झाला की आर्टिकलशिप सुरू करता यायची. म्हणून "सोपा वाटेल तो एक ग्रुप आधी काढून टाक" हा सल्ला तेव्हा बरोबर होता. आता तो अपुरा आहे. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत दोन्ही ग्रुप पास झाल्याशिवाय आर्टिकलशिप नाही. पदवीनंतर थेट इंटरला आलेल्यांनाही हेच लागू आहे. आर्टिकलशिप आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली, पण तिचा दरवाजा उशिरा उघडतो. ज्या घरात स्टायपेंडची वाट पाहिली जाते, तिथे ही गोष्ट छोटी नाही.

म्हणजे आता "कोणता ग्रुप लवकर निघेल" एवढंच विचारून चालणार नाही. "दोन्ही ग्रुप मिळून कमीत कमी अटेम्प्टमध्ये कसे निघतील" हे विचारायला हवं.

दुसरा बदल वेळापत्रकाचा. २०२४ पासून इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या सुमारास. संधी वाढली, पण दोन परीक्षांमधला वेळ चार महिन्यांवर आला. त्यातले साधारण दोन महिने निकालाची वाट पाहण्यात जातात.

दोन ग्रुपमध्ये काय आहे

ग्रुप १: अॅडव्हान्स्ड अकाउंटिंग, कॉर्पोरेट अँड अदर लॉज, आणि टॅक्सेशन. लॉमध्ये कंपनी कायदा व एलएलपी मिळून ७० गुणांचे, बाकी कायदे ३० गुणांचे. टॅक्समध्ये ५० गुण इन्कम टॅक्स, ५० गुण जीएसटी.

ग्रुप २: कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटिंग, ऑडिटिंग अँड एथिक्स, आणि फायनान्शियल मॅनेजमेंट व स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटचा एकत्र पेपर (५०-५० गुण).

प्रत्येक पेपर १०० गुणांचा, त्यात ३० गुण एमसीक्यूचे आणि ७० गुण लिहिण्याचे. इंटरच्या एमसीक्यूला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

पास होण्यासाठी प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपमध्ये ३०० पैकी १५० गुण लागतात. दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर एकूण ६०० पैकी ३०० चालतात, फक्त प्रत्येक पेपरात ४० हवेतच.

पहिल्यांदाच बसणार असाल तर

आधी दोन्ही ग्रुप एकत्र देता येतील का ते तपासा. समजा एका मुलीला ग्रुप १ मध्ये १६० आणि ग्रुप २ मध्ये १४२ मिळाले, सगळ्या पेपरांत ४० च्या वर. एकत्र दिल्यामुळे बेरीज ३०२ झाली आणि ती दोन्ही ग्रुप पास. हेच गुण तिला वेगवेगळ्या अटेम्प्टमध्ये मिळाले असते तर ग्रुप २ गेला असता. पहिल्या ग्रुपचे १० जादा गुण दुसऱ्याच्या कामी आले.

पण हा फायदा तयारी असेल तरच. परीक्षेला सहा आठवडे उरले असताना सहाही पेपरांचा अभ्यासक्रम किमान एकदा पूर्ण झालेला नसेल, तर दोन्हीचा हट्ट नको. सहा पेपर अर्धे-अर्धे वाचण्यापेक्षा तीन पूर्ण वाचलेले बरे. महिने मोजताना कॉलेजची परीक्षा, घरातलं लग्न, रमजानमधली बदललेली दिनचर्या हे सगळं धरून मोजा. कागदावरचे चार महिने हातात येईपर्यंत तीनच उरतात.

एकच ग्रुप द्यायचा ठरला, तर बहुतेकांनी ग्रुप १ आधी द्यावा असं आमचं मत आहे. कारणं दोन. एक, अकाउंटिंग स्टँडर्ड्स आणि कंपनी कायद्यातलं ऑडिटर्सचं प्रकरण पुढे ऑडिटच्या पेपरात पुन्हा भेटतं. ग्रुप १ झालेला असेल तर ऑडिट निम्मं ओळखीचं वाटतं. दोन, फाउंडेशनचं अकाउंट्स आणि लॉ अजून डोक्यात ताजं असतं.

ग्रुप २ आधी कोणी द्यावा? ज्यांचं बी.कॉम.चं कॉस्टिंग पक्कं आहे, आकडेमोडीत हात बसलेला आहे आणि ज्यांनी कॉस्ट व एफएम आधीच वाचून संपवलंय त्यांनी. झालेली तयारी वाया घालवून "सगळे ग्रुप १ देतात" म्हणून तिकडे वळू नका.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

आपल्या अनेक मुलामुलींची खरी अडचण गणिताची नसते, इंग्रजी लिहिण्याची असते. परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते, मराठी किंवा उर्दूतून नाही. लॉ आणि ऑडिट या पेपरांत विषय समजूनही गुण जातात, कारण उत्तर कायद्याच्या भाषेत उतरत नाही. असा एकेक पेपर दोन्ही ग्रुपमध्ये आहे, त्यामुळे ग्रुप बदलून सुटका होत नाही. उपाय एकच: पहिल्या दिवसापासून रोज एक उत्तर हाताने लिहायचं आणि इन्स्टिट्यूटच्या सजेस्टेड आन्सरशी ताडून पाहायचं. वाचून समजणं वेगळं आणि तीन तासांत लिहिणं वेगळं.

एक ग्रुप राहिला असेल तर

इथे भावनेने नव्हे, मार्कशीट बघून ठरवा.

समजा ग्रुप १ मध्ये अकाउंट्स ६३, लॉ ४४, टॅक्स ३८ मिळाले. बेरीज १४५, ग्रुप नापास. पण ६० किंवा त्याहून जास्त गुणांमुळे अकाउंट्समध्ये एक्झेम्प्शन मिळालं. ते ६३ पुढे धरले जातात. म्हणजे पुढच्या वेळी फक्त दोन पेपर द्यायचे आणि त्यात मिळून ८७ गुण काढायचे, दोन्हीत किमान ४० ठेवून. हा ग्रुप हातातोंडाशी आलेला आहे. तो सोडून ग्रुप २ कडे जाणं हे तोट्याचं.

त्यात एक्झेम्प्शनला मुदत असते: लगेचच्या पुढच्या तीन परीक्षा. पूर्वी परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची तेव्हा या तीन परीक्षा दीड वर्षात पसरायच्या. आता त्या वर्षभरात संपतात. तुम्ही फॉर्म भरला नाही तरी परीक्षा मोजली जाते. "आधी दुसरा ग्रुप काढतो, मग याच्याकडे बघतो" म्हणणाऱ्यांचे कमावलेले ६३ असेच हातचे जातात. मुदत संपल्यावर एक्झेम्प्शन कायमचं करून घ्यायची सोय नव्या योजनेत आहे, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० ऐवजी ५० लागतात. आणखी एक: ग्रुपचे सगळे पेपर दिले असतील तरच एक्झेम्प्शन मिळतं. पहिला पेपर वाईट गेला म्हणून उरलेले सोडून घरी बसू नका.

आता दुसरी मार्कशीट: ४७, ४१, ३६. बेरीज १२४, एक्झेम्प्शन कुठेच नाही. इथे २६ गुण कमी आहेत, आणि ते दोन महिन्यांत केवळ उजळणीने भरून निघणं कठीण. निकालाची वाट पाहताना ग्रुप २ चा अभ्यास सुरू केला असेल आणि तो निम्म्याहून जास्त झाला असेल, तर आधी तो पूर्ण करून द्या. सुरूच केला नसेल तर ग्रुप १ पुन्हा पायापासून धरा.

म्हणूनच पेपर संपल्यावर आठवडाभर विश्रांती घ्या आणि निकालाची वाट न पाहता दुसऱ्या ग्रुपला हात घाला. निकालानंतर पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायला मोजकेच दिवस मिळतात. तेव्हा निवड करायची असेल तर हातात काहीतरी असायला हवं.

टॅक्सचा पेपर फार दिवस ठेवू नका

बाकी पेपर थोडे शिळे झाले तरी चालतात, टॅक्स नाही. दरवर्षी बजेटमध्ये तरतुदी बदलतात, जीएसटीतही बदल होत राहतात. शिवाय १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, कलमांचे क्रमांकही बदलले. तुमच्या अटेम्प्टला कोणता कायदा लागू आहे हे इन्स्टिट्यूटच्या सूचनेतच पाहा आणि मगच पुस्तक घ्या. मोठ्या भावाच्या किंवा मैत्रिणीच्या जुन्या नोट्स कॉस्टिंगला चालतील, टॅक्सला नाही.

पैशांचं काय

चांगला क्लास परवडला नाही म्हणून ग्रुप पुढे ढकलू नका. इन्स्टिट्यूटचं स्टडी मटेरियल, रिव्हिजन टेस्ट पेपर, मॉक टेस्ट पेपर आणि जुन्या परीक्षांची उत्तरं तिच्या वेबसाइटवर मोफत आहेत, ऑनलाइन वर्गही आहेत. क्लास लावायचाच तर सहाही विषयांना लावायची गरज नसते. जो विषय स्वतः वाचून उमगत नाही, त्यालाच लावा.

अम्मी-अब्बूंना दोन शब्द

इंटरमध्ये एखादा ग्रुप राहणं म्हणजे मुलगा बिघडला किंवा मुलीला झेपत नाही असं नव्हे. पुढे नावाजलेल्या कित्येक सीएंचे एक-दोन अटेम्प्ट गेलेले असतात. इंटरची नोंदणी पाच वर्षं चालते आणि एकदा वाढवूनही मिळते. तेव्हा "अजून किती दिवस?" असं विचारण्याऐवजी मार्कशीट मागा आणि सोबत बसून तीन प्रश्न विचारा: कुठे ६० च्या वर आहेस, कुठे ४० च्या खाली आहेस, पुढच्या परीक्षेला नेमके किती दिवस आहेत? या तीन उत्तरांतून पुढचा ग्रुप कोणता ते बहुतेक वेळा ठरतं. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू असतील तर निदान दोन्ही ग्रुप होईपर्यंत थांबा. तिने आधीच अर्धी वाट चालून काढलेली आहे.