शिष्यवृत्तीचा रकाना : अमेरिकेतील टेनिसपटू विद्यार्थिनी आणि कॉलेजची निवड

१९६१ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील लाँग बीचची १७ वर्षांची बिली जीन मॉफिट कॅरन हँट्झच्या साथीने विम्बल्डनची महिला दुहेरी स्पर्धा जिंकून घरी परतली आणि त्याच वर्षी तिने लॉस अँजेलिस स्टेट कॉलेजात नाव नोंदवले. वडील अग्निशामक दलात नोकरीला होते आणि घरची परिस्थिती बेताचीच होती. विम्बल्डनची विजेती असूनही खेळाडू म्हणून शिष्यवृत्ती तिला मिळाली नाही. शिकत असताना लहानसहान नोकऱ्या करून ती खर्च भागवत असे. त्याच शहरातील यूसीएलएमध्ये आर्थर ॲश आणि यूएससीमध्ये स्टॅन स्मिथ हे त्याच दशकात टेनिसच्या शिष्यवृत्तीवर शिकले. बिली जीनने पुढे ज्याच्याशी विवाह केला तो लॅरी किंग तिच्याच कॉलेजच्या पुरुष संघात होता. त्या संघातील एक साधारण खेळाडू असूनही त्याला शिष्यवृत्ती होती. ही विसंगती आपल्या लक्षात आणून दिली ती लॅरीनेच, असे तिने नंतर अनेकदा सांगितले आहे. १९६४ मध्ये पदवी न घेताच तिने कॉलेज सोडले.

आज अमेरिकेत कॉलेजची निवड करू पाहणारी टेनिसपटू मुलगी एक तक्ता तयार करते. शिष्यवृत्ती किती, प्रशिक्षक कोण, पहिल्या सहांत जागा मिळेल का, अभ्यासाचा विषय कोणता, असे त्यात रकाने असतात. वरवर पाहता ही एका कुटुंबाची खाजगी बाब आहे. परंतु या रकान्यांपैकी प्रत्येकाला इतिहास आहे आणि तो आपण समजतो तितका सरळ नाही. मुलींना शिष्यवृत्ती नाकारणाऱ्यांत पुरुषांइतक्याच, किंबहुना काही काळ त्यांच्याहून ठामपणे, स्त्रियाच पुढे होत्या. त्या वाईट हेतूने वागत नव्हत्या, आणि म्हणूनच हे प्रकरण विचार करण्याजोगे आहे.

प्रथम एक अपवाद पाहू. बिली जीनच्या १२ वर्षे आधी, १९४९ मध्ये, आल्थिया गिब्सन फ्लॉरिडातील टॅलाहासी येथील फ्लॉरिडा ए अँड एम या कॉलेजात शिष्यवृत्तीवर दाखल झाली आणि १९५३ मध्ये पदवीधर झाली. हे कृष्णवर्णीयांचे कॉलेज होते. त्याच राज्यातील गोऱ्यांच्या विद्यापीठांत तिला प्रवेशच मिळाला नसता. विद्यार्थिनी असतानाच, १९५० मध्ये, ती फॉरेस्ट हिल्सला अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा खेळणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. पुढे १९५७ व १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षे तिने विम्बल्डन जिंकले. कृष्णवर्णीयांच्या काही कॉलेजांनी खेळाडू मुलींना आर्थिक साहाय्य देण्यात गोऱ्यांच्या नामांकित संस्थांच्या कितीतरी आधी पाऊल उचलले होते. ज्या समाजातील मुलीला पैशाशिवाय शिक्षण मिळणेच शक्य नव्हते, त्या समाजाच्या संस्थांना शिष्यवृत्तीत अनैतिक असे काही दिसले नाही. अर्थात याला निवड म्हणणे धाडसाचे होईल, कारण बाकीचे बहुतेक दरवाजे तिच्यासाठी बंदच होते.

गोऱ्या मध्यमवर्गीय कॉलेजांतील चित्र वेगळे होते. तेथील शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिकांनी मुलींच्या खेळाविषयी एक स्वतंत्र तत्त्वज्ञान उभे केले होते. १९२३ मध्ये लू हेन्री हूवर यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघाचा महिला विभाग स्थापन झाला. खेळ मोजक्या विजेत्यांसाठी नसून सर्व मुलींसाठी असावा, त्यात तिकिटे, प्रेक्षक, प्रवास आणि पैसा यांचे प्रस्थ नसावे, ही त्याची भूमिका होती. पुरुषांच्या फुटबॉलने कॉलेजांत काय अनर्थ केला हे या स्त्रिया रोज पाहत होत्या. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने कॉलेजांतील क्रीडाव्यवहारावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात खेळाडूंना गुप्तपणे पैसे देऊन ओढून आणण्याच्या प्रथेचे वाभाडे काढलेले आहेत. आपल्या मुली या बाजारात उतरू नयेत असे या प्राध्यापिकांना वाटले, तर त्यात नवल नाही. बाईने घाम गाळून स्पर्धा करणे शोभत नाही, हा जुना संस्कारही या भूमिकेच्या आश्रयाने टिकून राहिला, हेही तितकेच खरे.

या विचारपरंपरेतून १९७१ मध्ये कॉलेजांतील महिला खेळाडूंसाठी एआयएडब्ल्यू ही स्वतंत्र संघटना निर्माण झाली. नेतृत्व स्त्रियांचे, प्रशिक्षक बहुतांशी स्त्रियाच, आणि खेळाडू ही आधी विद्यार्थिनी आहे असा आग्रह! तिच्या नियमांत एक कलम असे होते की खेळाबद्दल शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीला संघटनेच्या स्पर्धांत भाग घेता येणार नाही.

या कलमाला आव्हान मिळाले ते टेनिसच्याच मैदानावरून. फ्लॉरिडातील बोका रॅटन येथील मेरीमाउंट कॉलेजात फर्न ‘पीची’ केलमायर या शारीरिक शिक्षणाच्या प्रमुख होत्या. मायामी विद्यापीठात शिकत असताना त्या स्वतः पुरुषांच्या टेनिस संघातून खेळल्या होत्या. मेरीमाउंटने टेनिस खेळणाऱ्या काही मुलींना शिष्यवृत्ती दिली होती आणि तेवढ्याच कारणावरून त्या मुली एआयएडब्ल्यूच्या स्पर्धांना अपात्र ठरत होत्या. जानेवारी १९७३ मध्ये केलमायर, त्यांच्या खेळाडू मुली आणि ब्रोवर्ड कम्युनिटी कॉलेजमधील मुली यांनी मिळून फ्लॉरिडातील संघीय न्यायालयात दावा लावला. मुलगे शिष्यवृत्ती घेऊनही खेळू शकतात, मग मुलींनाच बंदी का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दाव्याची सुनावणी पूर्ण होण्याची वेळच आली नाही. त्याच वर्षी संघटनेने आपला नियम बदलला.

नियम बदलण्यास आणखीही एक कारण होते. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ज्या शिक्षणविषयक कायद्यावर सही केली, त्यातील नववे प्रकरण ‘टायटल नाइन’ या नावाने प्रसिद्ध आहे. संघीय सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणकार्यक्रमात लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. एडिथ ग्रीन, पॅट्सी मिंक आणि बर्च बाय या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी परिश्रम घेतले. मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नाही, परंतु त्याचा सर्वांत दृश्य परिणाम मैदानावरच झाला.

केलमायर प्रकरणाकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट जाणवते. प्राध्यापिकांचे भय निराधार नव्हते. ज्या वर्षी मुलींसाठी शिष्यवृत्तीचा दरवाजा उघडला, त्याच १९७३ मध्ये पुरुषांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएने शिष्यवृत्ती चार वर्षांची न ठेवता दरवर्षी नव्याने मंजूर करायची असा नियम केला. म्हणजे प्रशिक्षकाच्या मर्जीतून उतरलेल्या खेळाडूचे शिक्षणही धोक्यात येऊ शकत होते. अनेक वर्षांच्या शिष्यवृत्तीला पुन्हा परवानगी मिळाली ती २०१२ मध्ये. पण भय खरे असले तरी त्यावरचा उपाय न्याय्य होता असे म्हणता येत नाही. पैशापासून खेळ दूर ठेवण्याच्या तत्त्वाची किंमत ज्यांच्या घरी पैसा होता त्यांना मोजावी लागली नाही. ती बिली जीनसारख्या मुलींनी मोजली. तत्त्व ठरवणारे हात आणि त्याची झळ सोसणारे हात वेगळे असले की हे असेच होते.

उलट बाजूचा हिशोबही मांडला पाहिजे. मुलींच्या खेळात पैसा आणि प्रतिष्ठा येऊ लागल्यावर एनसीएएने १९८१-८२ पासून स्वतःच महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या. १९८२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत झालेली पहिली प्रथम विभागीय टेनिस स्पर्धा स्टॅनफर्डने जिंकली आणि एकेरीचे विजेतेपदही स्टॅनफर्डच्याच ॲलिशिया मूल्टनने मिळवले. त्याच वर्षी एआयएडब्ल्यूचे काम थांबले. तिने एनसीएएविरुद्ध लावलेला दावाही ती हरली. १९७२ मध्ये कॉलेजांतील महिला संघांच्या प्रशिक्षकांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. आज हे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. मुलींना समान पैसा मिळू लागला, पण मुलींच्या खेळाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार स्त्रियांच्या हातून बऱ्याच अंशी गेला. ‘प्रशिक्षक कोण’ या रकान्यामागे हा इतिहास आहे.

शिष्यवृत्त्यांच्या संख्येमागेही असाच एक विचित्र योगायोग आहे. अनेक वर्षे प्रथम विभागातील कॉलेजाला महिला टेनिससाठी ८ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, तर पुरुष टेनिससाठी साडेचार. हे औदार्य कोठून आले? पुरुषांच्या फुटबॉलला ८५ शिष्यवृत्त्या होत्या, आणि टायटल नाइनचा समतोल राखायचा तर मुलींच्या इतर खेळांत त्या वाढवणे भाग होते. ज्या फुटबॉलच्या भयाने प्राध्यापिकांनी शिष्यवृत्ती नाकारली होती, त्याच फुटबॉलच्या आकारामुळे पुढे मुलींना टेनिसची शिष्यवृत्ती अधिक मिळाली!

या दरवाजातून आता जगभरच्या मुली येतात. प्रथम विभागातील महिला टेनिसमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत. महाराष्ट्रातील श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले त्यांपैकीच एक. ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, तेथे शिकली, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. आपल्याकडे खेळाडू विद्यार्थ्याला परीक्षेत वाढीव गुण मिळतात, परंतु वरच्या दर्जाचे टेनिस आणि नियमित पदवीशिक्षण एकत्र चालवण्याची सोय क्वचितच आढळते. बहुतेकींना दोहोंपैकी एक सोडावे लागते. मराठी घरातील मुलीने टेक्सासला जावे यात परदेशाच्या आकर्षणापेक्षा या अडचणीचा वाटा मोठा असतो, असे मला वाटते.

तरीही निवड सोपी नाही. कॉलेजच्या सामन्यात सहा एकेरीचे सहा गुण आणि तीन दुहेरी सामने मिळून एक गुण, असे एकूण सात गुण असतात. सातव्या क्रमांकाची मुलगी कितीही मोठ्या विद्यापीठात असली तरी एकेरीच्या वेळी बाकावर बसते. मोठ्या नावाच्या संघात सातवे असावे की लहान संघात पहिले, हा प्रश्न प्रत्येकीपुढे असतो. आयव्ही लीगची विद्यापीठे आणि तृतीय विभागातील कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. ती गरजेनुसार साहाय्य देतात, म्हणजे जुन्या प्राध्यापिकांचे तत्त्व वेगळ्या रूपाने अजून जिवंत आहे. पहिली निवड चुकूही शकते. डॅनिएल कॉलिन्स फ्लॉरिडा विद्यापीठात एक वर्ष काढून व्हर्जिनियाला गेली, तेथे तिने २०१४ व २०१६ मध्ये एनसीएएची एकेरी स्पर्धा जिंकली, पदवी घेतली, आणि २०२२ मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली. कॉलेजात चार वर्षे घालवली की व्यावसायिक टेनिस संपले, हा समज तिने खोटा ठरवला.

अलीकडे तक्ता पुन्हा बदलला आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार त्यात सहभागी होणाऱ्या कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आणि शिष्यवृत्तीच्या जुन्या मर्यादा जाऊन संघाच्या आकाराच्या मर्यादा आल्या. हा नवा पैसा प्रामुख्याने पुरुषांच्या फुटबॉल व बास्केटबॉलकडे वळणार, हे उघड आहे. टेनिससारख्या खर्चिक, विनाउत्पन्न खेळांचे संघ २०२० च्या साथीत अनेक कॉलेजांनी बंद केले होते. म्हणून आजच्या मुलीला तक्त्यात आणखी एक रकाना घालावा लागतो : मी पदवीधर होईपर्यंत हा संघ राहील काय? १९२३ च्या प्राध्यापिकांनी विचारलेला प्रश्न, खेळ कोणासाठी आणि पैसा कोणासाठी, शंभर वर्षांनी तिच्यापुढे उभा आहे. त्यांचे उत्तर आपण नाकारले ते योग्यच झाले. पण प्रश्नही त्याबरोबर निकालात निघाला असे समजण्याचे कारण नाही.

बिली जीन किंग यांनी कॉलेज सोडले तेव्हा त्यांची पदवी राहून गेली होती. २०२५ मध्ये, वयाची ८० वर्षे उलटल्यावर, ती पूर्ण करण्यासाठी त्या त्याच संस्थेत विद्यार्थिनी म्हणून परतल्या. कॉलेजचे आता विद्यापीठ झाले आहे. त्यांनी घेतलेला विषय आहे इतिहास.