लहान मुलांमधील इसब

लहान मुलांमधील इसब हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा, पुनःपुन्हा उफाळणारा आणि तीव्र खाज आणणारा दाहजन्य विकार आहे. वैद्यकशास्त्रात त्याला ॲटोपिक डर्मटायटिस असे म्हणतात. बहुतेक मुलांत तो वयाच्या पहिल्या पाच वर्षांत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांत पहिल्या वर्षातच सुरू होतो. तो संसर्गजन्य नाही; इसब असलेल्या बाळाला इतर मुलांपासून दूर ठेवण्याचे काहीही कारण नाही. विकार मुळापासून नाहीसा करणारे औषध उपलब्ध नसले, तरी योग्य निगेने बहुसंख्य मुलांची त्वचा आटोक्यात राहते आणि वय वाढेल तसा त्रास ओसरतो. प्रस्तुत लेखात घरगुती निगा व उपचार यांवर भर असून, मुंबईच्या उत्तरेस लागून असलेल्या मीरा-भाईंदरसारख्या दमट किनारी शहरातील परिस्थितीचा विशेष निर्देश केला आहे.

स्वरूप व निदान

तान्ह्या बाळात गाल, कपाळ, टाळू आणि हातापायांची बाहेरची बाजू येथे कोरडे, खरबरीत व कधी पाणावणारे चट्टे उठतात. लंगोटाखालचा भाग बहुधा मोकळा राहतो. दोन वर्षांनंतर कोपरांच्या व गुडघ्यांच्या खोबणी, मनगटे, घोटे आणि मान ही ठिकाणे अधिक सापडतात. पाठ्यपुस्तकांतील छायाचित्रे प्रायः गोऱ्या त्वचेची असल्याने इसब म्हणजे लालसर चट्टा अशी समजूत रूढ झाली आहे. सावळ्या त्वचेवर तो तपकिरी, करडा किंवा जांभळट दिसतो आणि लाली सहज नजरेतून सुटते. चट्टा बरा झाल्यावर त्या जागी काही महिने फिकट डाग राहतो. हा डाग कोड नव्हे. तो कालांतराने आपोआप भरून येतो.

निदान पाहून आणि विचारून केले जाते. त्यासाठी रक्ततपासणी आवश्यक नसते. घामोळे, नायटा आणि विशेषतः खरूज यांच्याशी गल्लत होऊ शकते. घरातील इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, किंवा बाळाच्या तळहातांवर व तळपायांवर पुरळ असेल, तर प्रथम खरजेची शंका घ्यावी. दोन्हींचे उपचार सर्वस्वी भिन्न आहेत.

कारणे

त्वचेचा बाहेरचा थर हा विटा आणि चुना यांनी बांधलेल्या भिंतीसारखा असतो. इसबात ही भिंत सच्छिद्र होते. आतील ओलावा निसटतो, बाहेरील साबण, धूळ व जंतू आत शिरतात आणि दाह सुरू होतो. फिलॅग्रिन हे प्रथिन भिंत घट्ट राखण्यास मदत करते. त्याच्या जनुकातील दोषाचा इसबाशी असलेला संबंध स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिला. कुटुंबात दमा किंवा ॲलर्जिक सर्दी असल्यास शक्यता वाढते. 'रक्त खराब असणे', 'अंगात उष्णता असणे' किंवा आईच्या खाण्यातील चूक या कारणांना आधार नाही, आणि त्यापायी बाळंतिणीला बोल लावणे तर सर्वथा अनुचित होय.

मीरा-भाईंदर एका बाजूस वसईची खाडी व दुसऱ्या बाजूस उत्तनचा समुद्र यांच्यामध्ये वसले आहे. वर्षाचा मोठा काळ हवा दमट असल्याने थंड प्रदेशांतल्यासारखी त्वचा सतत फुटत नाही. परंतु येथे घाम हा मोठा शत्रू ठरतो. मानेच्या वळ्यांत, काखेत आणि करगोट्याखाली घाम साचून खाज वाढते. पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे व भिंतींवरील बुरशी यांची त्यात भर पडते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात हवा कोरडी होते व चट्टे पुन्हा डोके वर काढतात.

स्नान, तेल व शेक

मराठी घरांतील बाळाच्या आंघोळीचा थाट सर्वश्रुत आहे: तेलाची मालिश, डाळीचे पीठ, कढत पाणी, त्यानंतर ओवा-शेपांची धुरी आणि शेगडीचा शेक. निरोगी बाळ यातील बरेच काही सहन करते. इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत मात्र यातील मालिश तेवढी, तीही हलक्या हाताने, ठेवण्यासारखी आहे. पीठ चोळल्याने कमकुवत थर खरवडला जातो, कढत पाण्याने त्वचेतील स्निग्धता वाहून जाते, धूर त्वचेला व श्वासमार्गाला चुरचुर लावतो आणि शेकाने उरलासुरला ओलावा उडतो.

पाणी कोमट असावे व स्नान पाच ते दहा मिनिटांत आटोपावे. साबणाऐवजी सुगंधरहित, सौम्य क्लिन्झर वापरावा. घामाच्या दिवसांत दोनदा स्नान घालण्यास हरकत नाही. आंघोळीच्या पाण्यात टाकण्याच्या स्निग्ध द्रवांचा नेहमीच्या मॉइश्चरायझरपेक्षा अधिक लाभ होत नाही, असे ब्रिटनमधील सुमारे ४८० मुलांवरील चाचणीत २०१८ मध्ये आढळले.

तेलांमध्ये फरक आहे. ऑलिव्ह तेलामुळे त्वचेचा रक्षक थर दुबळा होतो असे प्रयोगांत दिसले आहे. मोहरीचे तेलही टाळावे. फिलिपिन्समधील मुलांवरील २०१४ सालच्या अभ्यासात शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. म्हणजे कोकणपट्टीतील आजीची निवड या बाबतीत चुकीची नव्हती. तथापि केवळ खोबरेलावर मध्यम किंवा तीव्र इसब आवरत नाही.

शहरातील अनेक गृहसंकुलांत टँकरचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वापरावे लागते व इसबाचे खापर त्यावर फुटते. जड पाणी आणि इसब यांचा संबंध काही पाहण्यांत दिसला असला, तरी इंग्लंडमध्ये ३३६ मुलांच्या घरी पाणी मृदू करणारी यंत्रे वापरून केलेल्या चाचणीत (२०११) त्वचेत विशेष सुधारणा झाली नाही. अशा महागड्या यंत्रावर खर्च करण्यापेक्षा तो पैसा मॉइश्चरायझरवर खर्चणे शहाणपणाचे आहे.

मॉइश्चरायझर

उपचाराचा पाया हाच. स्नानानंतर अंग टिपून, ते किंचित ओलसर असतानाच सर्वांगाला थर द्यावा. दिवसातून किमान दोनदा आणि चट्टे नसतानाही. तान्ह्या बाळालासुद्धा आठवड्याला सुमारे १०० ग्रॅम लागते. महिन्याला एक छोटी बाटली पुरत असेल तर प्रमाण नक्कीच अपुरे आहे. महाग आयात मालाची गरज नसते. सुगंधरहित साधे पेट्रोलियम जेली हे स्वस्त व गुणकारी आहे. मात्र एप्रिल-मेच्या उकाड्यात जाड मलमाखाली घाम कोंडतो, म्हणून दिवसा क्रीम वा लोशन आणि रात्री किंवा थंडीत मलम अशी विभागणी उपयुक्त ठरते. पॅराफिनयुक्त मलम मुरलेले कपडे लवकर पेट घेतात, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने दिला आहे; समई, निरांजन व शेगडी यांच्याजवळ तो विसरू नये.

निरोगी नवजाताला पहिले वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावल्याने इसब टळतो का, हे ब्रिटनमध्ये सुमारे १,४०० बालकांवर तपासण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष नकारार्थी होता. मॉइश्चरायझर उपचारात अनिवार्य आहे, प्रतिबंधात नाही.

स्टिरॉइड मलमे

या विकाराला 'ॲटोपिक डर्मटायटिस' हे नाव फ्रेड वाइज व मॅरियन सुल्झबर्गर यांनी १९३३ मध्ये दिले, आणि त्याच सुल्झबर्गर यांनी व्हिक्टर विटन यांच्यासह १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिझोन मलमाचा त्वचेवरील उपयोग सिद्ध केला. तेव्हापासून चट्टा उफाळल्यावर स्टिरॉइड मलम हाच प्रथम उपचार आहे.

महाराष्ट्रात या औषधाचे दोन परस्परविरुद्ध अतिरेक आढळतात. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली ट्यूब केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्‌महिने लावणे हा पहिला. अशा मिश्रणात बहुधा तीव्र स्टिरॉइड असते. त्याने बाळाची त्वचा पातळ होते, केसाळ होते, नायटा असल्यास तो दबून पसरतो. लंगोटाखाली लावल्यास औषध रक्तात शोषले जाऊन वाढीवरही परिणाम होऊ शकतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध मोहीम चालवली असून, २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीविना विक्रीच्या सवलतीतून वगळली. 'वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मलमांतही न सांगितलेले स्टिरॉइड सापडले आहे.

दुसरा अतिरेक भीतीचा. 'स्टिरॉइड' हा शब्द ऐकताच पालक दोन दिवसांत मलम बंद करतात किंवा मोहरीएवढे लावतात. चट्टा अर्धवट राहतो, मूल रात्ररात्र खाजवते, घर जागे राहते आणि शेवटी पहिल्याच अतिरेकाकडे वळते. चेहऱ्यासाठी एक टक्का हायड्रोकॉर्टिझोनसारखे सौम्य आणि अंगासाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या शक्तीचे मलम दिवसातून एक-दोनदा, त्वचा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत वापरणे सुरक्षित आहे. वारंवार उफाळणाऱ्या जागी पुढे आठवड्यातून दोन दिवस लावण्याचा सल्लाही दिला जातो.

प्रमाणासाठी बोटाचे माप सोयीचे आहे. प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती बोटांसह दोन प्रौढ तळहातांएवढ्या भागाला पुरते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या चेहऱ्याला व मानेला एक, एका हाताला एक आणि एका पायाला दीड रेघ लागते.

दोन वर्षांवरील मुलांत चेहरा व पापण्यांसाठी ०.०३ टक्के टॅक्रोलिमस हा स्टिरॉइडविरहित पर्याय आहे. पोटातून स्टिरॉइड देणे शक्यतो टाळतात, कारण ते थांबवताच विकार दुप्पट जोमाने उलटतो. खाजेवरच्या गोळ्या-सिरप इसबाची खाज फारशी कमी करत नाहीत. त्यांनी येते ती गुंगी.

आहार

दूध, अंडे, गहू, आंबट असे एकामागून एक पदार्थ बंद करणे ही सर्वाधिक प्रचलित आणि वाढत्या मुलाला सर्वाधिक बाधक प्रथा होय. अन्नाची ॲलर्जी मुख्यतः लहान वयात सुरू झालेल्या तीव्र इसबात संभवते. खाल्ल्यावर लगेच गांधी, उलटी किंवा ओठांना सूज येत असेल तर तपासणी करावी. एरवी शंका आल्यास एकच पदार्थ डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार ते सहा आठवडे थांबवून पुन्हा देऊन पाहतात. स्तनपान चालू ठेवावे. आईने पथ्य करण्याची सहसा गरज नसते. नियमित लसीकरणही थांबवू नये.

धोक्याची चिन्हे व उपचारसोयी

पिवळसर खपल्या, पू किंवा वेगाने पसरणारे दुखरे चट्टे हे जंतुसंसर्गाचे लक्षण आहे. तापासह एकसारख्या आकाराचे, टोचून काढल्यासारखे दिसणारे अनेक लहान व्रण दिसल्यास हर्पिस विषाणूचा संसर्ग संभवतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ओठांवर जर उठलेल्या मोठ्या माणसाने अशा बाळाचा पापा घेऊ नये.

मीरा-भाईंदरमध्ये भाईंदर पश्चिमेस पंडित भीमसेन जोशी हे शासकीय रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या रुग्णांना परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय व केईएम, किंवा पश्चिम रेल्वेने थेट गाठता येणारे मुंबई सेंट्रलजवळचे नायर रुग्णालय हे पर्याय आहेत. तपासणीस जाताना तोवर वापरलेल्या सर्व ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्याव्यात. 'पांढरे मलम लावले होते' एवढ्यावरून डॉक्टरांना त्यात कोणते स्टिरॉइड होते हे कळू शकत नाही.