अण्णांच्या वहीतला हंगाम

स्मरणिकेच्या संपादकांनी मला फोनवर बजावलं, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू इतिहासाचं काहीतरी दे." पंतप्रतिनिधी, संग्रहालय किंवा १९३९ चा औंध प्रयोग, असं काहीतरी त्यांच्या मनात असणार. पण त्यावर लिहिणारे जाणते लोक आपल्यात आहेत. मी फुटबॉलवर लिहिते आहे. हसू नका. आपल्या वेळी मुलींना खो-खो आणि मुलांना कबड्डी, आणि एकुलता एक फुटबॉल हवा गेलेल्या अवस्थेत कपाटावर, हे मलाही आठवतं.

२०२० साली लॅपटॉप घेऊन मी मुलासह औंधला आले ती वर्षभर राहिले. दहावीनंतर गाव सोडलं तेव्हापासूनचा हा माझा सर्वांत मोठा मुक्काम. नोव्हेंबरात इंडियन सुपर लीगचा सातवा हंगाम सुरू झाला आणि मुलाने साडेसातचा टीव्ही ताब्यात घेतला. बातम्या गेल्या म्हणून अण्णा दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी खुर्ची पुढे ओढून बसले. पुष्कळांना अण्णा आठवत असतील, दूध डेअरीत हिशोब लिहायचे. हिशोबाशिवाय त्यांना काही बघताच यायचं नाही. डेअरीच्या जुन्या लांबड्या वहीत कोरी पानं उरली होती, त्यात त्यांनी फुटबॉलची खतावणी मांडली. या लेखाचा पाया तीच वही.

आधी थोडी पार्श्वभूमी. देशातली अव्वल लीग महाराष्ट्राच्या संघाने त्याआधी जिंकली होती ती २००५-०६ मध्ये. तेव्हा तिचं नाव राष्ट्रीय फुटबॉल लीग. संघ महिंद्र युनायटेड, प्रशिक्षक डेरिक परेरा, मैदान मुंबईचं कूपरेज. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने तो संघच बंद केला. कंपनीचा संघ म्हणजे भाड्याचं घर, मालकाने सांगितलं की सामान उचलायचं. पुढे २०१४ मध्ये सुपर लीग आली, तिच्यात मुंबई सिटी. पहिल्या सहा हंगामांत या संघाला एकदाही अंतिम सामना गाठता आला नाही. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी त्यात मोठा हिस्सा घेतला. पैसा आला आणि पाठोपाठ माणसं आली. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आदल्या वर्षीपर्यंत एफसी गोवाचे होते. त्यांच्यामागे मुर्तदा फाल, अहमद जहू, ह्युगो बुमूस आणि गोव्याचाच मंदार राव देसाई मुंबईत दाखल झाले. म्हणजे मुंबईच्या संघाचा कणा गोव्यातून आलेला, आणि करोनामुळे अख्खा हंगामही गोव्यातच. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, या तीन मैदानांवर ११ संघांचे ११५ सामने झाले. खेळाडू हॉटेलात कोंडलेले आणि स्टँडमध्ये चिटपाखरू नाही.

अण्णांना हे पटेना. कुस्तीच्या फडात वाढलेला माणूस. "बघायलाच कोणी नाही, तर हे खेळतायत कुणासाठी?" मी माझ्या धंद्यातलं शहाणपण पाजळलं. म्हटलं, कुणालाच घरचं मैदान नाही, म्हणून तर गुणतक्ता यंदा जास्त खरा. चाचणी घेताना आम्ही असंच बाकी सगळं सारखं ठेवतो. ते म्हणाले, "पैलवानाची चाचणी गर्दीतच व्हायला हवी." आमचं हे भांडण हंगामभर चाललं आणि मिटलं नाही. आज मला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं.

मुंबईची सुरुवात पराभवाने झाली. नॉर्थईस्टने १-० हरवलं, त्यात जहूला लाल कार्ड. त्यानंतर मात्र मुंबई सलग १२ सामने अपराजित. ती मालिका जानेवारीच्या अखेरीस तोडली पुन्हा नॉर्थईस्टनेच, २-१. तोवर त्यांचा परदेशी प्रशिक्षक गेला होता आणि सूत्रं खालिद जमील यांच्याकडे आली होती, महिंद्रचे जुने खेळाडू. बंद पडलेल्या संघातला माणूस नव्या मुंबईला हरवून गेला. खालिद यांनी नॉर्थईस्टला उपांत्य फेरीत नेलं. सुपर लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकाने हे पहिल्यांदाच केलं.

साखळीतला शेवटचा सामना २८ फेब्रुवारीला, एटीके मोहन बागानशी. त्यांचे ४० गुण, मुंबईचे ३७. बागानला बरोबरी पुरेशी होती. सातव्या मिनिटाला फालचं हेडर, ३९ व्या मिनिटाला ओगबेचेचा गोल, २-० झाले आणि दोन्ही संघ ४० वर आले. दोघांचे १२ विजय, ४ बरोबऱ्या, ४ पराभव. अण्णांनी दोन्ही रकाने तीनदा बेरजून पाहिले. जमाखर्च इतका तंतोतंत जुळला की डेअरीत ते हटकून चूक शोधायचे. आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते, म्हणून शील्ड मुंबईला, आणि त्यासोबत आशियाई चॅम्पियन्स लीगची जागा.

उपांत्य फेरीत गोव्याशी २-२, मग ०-०, आणि पेनल्टींवर ६-५. तेव्हा मुलगा झोपला होता, आम्ही दोघेच जागे.

अंतिम सामना १३ मार्च २०२१, फातोर्डा, पुन्हा बागान. १८ व्या मिनिटाला विल्यम्सने त्यांना पुढे नेलं, २९ व्या मिनिटाला तिरीच्या स्वयंगोलाने बरोबरी झाली. पूर्वार्ध संपता संपता धडक झाली आणि मुंबईचा अमेय रानवडे, तेविशीतला पोरगा, खाली पडला तो उठेना. एरवी अशा वेळी हजारो लोक एकदम श्वास रोखतात. तिथे कोणीच नव्हतं. टीव्हीवर खेळाडूंच्या हाका तेवढ्या ऐकू येत होत्या. त्याला रुग्णवाहिकेतून नेलं. अण्णा उठून आत गेले. ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला तेव्हा मी ओरडले, तर आतून आवाज आला, "ते पोरगं कसं आहे?" एकाच हंगामात शील्ड आणि करंडक दोन्ही घेणारा मुंबई हा सुपर लीगमधला पहिला संघ, हे मी सांगत होते. त्यांना ते ऐकायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो बरा असल्याचं वाचून दाखवलं, मग त्यांनी वहीत निकाल लिहिला. २-१. शेजारी : रानवडे बरा.

अण्णा गेल्या वर्षी गेले. वही मी पुण्याला आणली आहे, मेळाव्याला सोबत आणेन.

तिच्यात आणखी एक नोंद आहे, ती मला आधी माहीत नव्हती. शील्डमुळे मिळालेल्या जागेवर मुंबई एप्रिल २०२२ मध्ये रियाधला खेळली आणि इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि विजयी हेडर मुंबईच्याच राहुल भेकेचं. मी तेव्हा पुण्यात परतले होते, कामाच्या रगाड्यात सामना बघायचा राहून गेला. अण्णांनी औंधला एकट्याने पाहिला असावा. पानं संपली होती, म्हणून मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं आहे : मुं. २, इराक १. भेके.