उसन्या जागेवरची फौज

माझं लहानपण देवळाली कॅम्पात गेलं. तिथल्या मुलांना ढगांचा गडगडाट आणि तोफेचा आवाज यांतला फरक शिकवावा लागत नाही. तोफखान्याची शाळा गावातच. फायरिंगच्या दिवशी डोंगराच्या बाजूला लाल निशाण लागायचं, गुराख्यांना तिकडे गुरं नेऊ नका असा निरोप जायचा आणि दुपारी वर्गाच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. बाई फळ्यावर लिहिता लिहिता थांबायच्या आणि आवाज गेला की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायच्या.

काही वर्षांपूर्वी पेपरात बातमी वाचली, की आमच्या देवळालीच्या माळावर सिंगापूरच्या तोफखान्याचा सराव चालू आहे. सरावाचं नाव 'अग्नी वॉरियर'. पहिल्यांदा हसूच आलं. चकाचक मॉल आणि विमानतळ असलेल्या त्या बेटाला तोफा कशाला? आणि असल्याच, तर त्या डागायला नाशिकला कशाला यायचं?

तेव्हा हसलो, पण पुढे हा प्रश्न घरातच आला. माझी धाकटी बहीण लग्नानंतर सिंगापूरला गेली आणि तिथलीच झाली. तिच्या मुलाला अठरा पूर्ण होताच फौजेचं बोलावणं आलं. दोन वर्षं, सक्तीनं. बहिणीनं फोन केला. "दादा, देवळालीत जन्म गेला तरी आपल्या घरातलं कुणी फौजेत गेलं नाही. आणि आता हा!" त्या रात्रीपासून मी या फौजेबद्दल वाचायला लागलो. जे सापडलं ते असं.

सुरुवात नकाशापासून करू. १९६५ साली सिंगापूर स्वतंत्र झालं तेव्हा त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण ५८० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून याहून थोडी जास्तच भरतात. समुद्रात भर घालून आज ते ७३० च्या आसपास गेलंय. उत्तर-दक्षिण अंतर सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. आधुनिक १५५ मिलिमीटर तोफेचा पल्ला याहून जास्त असतो. म्हणजे बेटाच्या एका टोकाला तोफ पूर्ण पल्ल्यानं डागली, तर गोळा शेजारच्या देशात नाहीतर समुद्रात. नाशिकला का यायचं, याचं उत्तर एवढ्यातच आलं.

पण मुळात फौज कशाला? स्वातंत्र्याआधी सिंगापूरची राखण कायम दुसऱ्यांच्या माणसांनी केली, आणि त्यांत आपली माणसं पुष्कळ होती. १९१५ साली तिथल्या हिंदी पलटणीनं बंड केलं, तेव्हा ते मोडायला इंग्रजांना फ्रेंच, रशियन आणि जपानी जहाजांवरच्या खलाशांना बोलवावं लागलं. पुढे १५ फेब्रुवारी १९४२ ला, ज्या बेटाला अभेद्य म्हणत होते, त्यावर सुमारे ८०,००० सैनिक जपान्यांना शरण गेले. त्यांत निम्म्याच्या आसपास हिंदी होते. साम्राज्यानं उसनी आणलेली फौज साम्राज्याबरोबर कोसळली, आणि मागे राहिलेल्या रहिवाशांनी साडेतीन वर्षं जपानी अंमल सोसला. आजही सिंगापूर १५ फेब्रुवारी हा 'संपूर्ण संरक्षण दिन' म्हणून पाळतं. शरणागतीच्या वेळेची, म्हणजे संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांची, आठवण म्हणून भोंगे वाजतात. पराभवाच्या तारखेला राष्ट्रीय दिवस करणारे देश फार नसावेत.

९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियातून बाहेर पडावं लागलं, तेव्हा या देशाकडे होत्या पायदळाच्या दोन पलटणी. अंदाजे हजार माणसं, आणि त्यांतलेही बरेच मलेशियाचे. त्यांचा ब्रिगेडियरसुद्धा मलेशियाचा. त्याच डिसेंबरात संसदेचं अधिवेशन सुरू झालं, तेव्हा पंतप्रधान ली क्वान यू यांच्या गाडीपुढे आपलेच मोटारसायकलस्वार चालतील असा या ब्रिगेडियरनं आग्रह धरला, आणि लींना तो मानावा लागला. आपण नुसते नावाचे स्वतंत्र आहोत, हे त्या दिवशी त्यांना गाडीच्या काचेतून दिसलं असेल. बाहेर इंडोनेशियाची 'कोनफ्रोंतासी' चालू होती. मार्चमध्येच ऑर्चर्ड रोडवरच्या मॅक्डोनल्ड हाउसमध्ये इंडोनेशियाच्या माणसांनी ठेवलेल्या बॉम्बनं तिघांचा बळी घेतला होता.

लींनी दोन पत्रं लिहिली. एक लालबहादूर शास्त्रींना, एक इजिप्तच्या नासेरना. शास्त्रींकडे मागणी होती पाच पलटणी उभ्या करायला मदत करणाऱ्या लष्करी सल्लागाराची. शास्त्रींचं उत्तर आलं. त्यात सिंगापूरच्या जनतेला सुखसमृद्धीच्या शुभेच्छा होत्या, सल्लागाराबद्दल अक्षर नव्हतं. नासेरनीही मान्यता दिली आणि मदतीचा विषय टाळला. त्याच महिन्यांत भारत पाकिस्तानशी लढत होता, शास्त्रींना दोष द्यावासा मला वाटत नाही. पण देवळालीच्या माणसाला हे वाचून गंमत वाटते. तेव्हा मागितलेला एक सल्लागार आपण दिला नाही, आणि चार दशकांनी त्याच देशाला आपण अख्खा माळ वापरू दिला.

शेवटी मदत आली इस्रायलकडून. १९६५ च्या अखेरीस त्यांची पहिली तुकडी आली. आजूबाजूला मुस्लिमबहुल शेजारी, त्यामुळे गुपचूप. कुणी विचारलं तर हे लोक 'मेक्सिकन' आहेत असं सांगायचं ठरलं. हे प्रकरण हाताळत होते संरक्षणमंत्री गो केंग स्वी. पेशानं अर्थतज्ज्ञ, त्यामुळे फौजेकडेही ते हिशेबाच्या वहीसारखं बघत. एकोणीस लाखांच्या देशाला मोठी पगारी फौज परवडणारी नव्हती. उपाय इस्रायलसारखाच: छोटी कायम फौज, प्रत्येक तरुणाची ठरावीक वर्षं, आणि नंतर तोच तरुण नोकरी-धंदा करता करता राखीव सैनिक.

मार्च १९६७ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा झाला. पहिल्या वर्षी सुमारे ९,००० मुलांनी नोंदणी केली, त्यांतली जेमतेम ९०० पूर्ण वेळ सेवेत घेतली. चिनी घरांत जुनी म्हण आहे, चांगल्या लोखंडाचे कुणी खिळे करत नाही आणि चांगल्या मुलाला कुणी शिपाई करत नाही. ती म्हण पुसायला आमदार-मंत्री वस्त्यावस्त्यांत निरोपाच्या मेजवान्या द्यायला लागले. पुढच्याच जानेवारीत ब्रिटननं जाहीर केलं, की १९७१ पर्यंत आम्ही तळ गुंडाळतो. देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा या तळांवर चालायचा. पहारेकरी जाणार आणि त्याच्या जेवणावर चालणारी खानावळही बंद पडणार, अशी अवस्था.

माणसांपाठोपाठ शस्त्रं. इथेही गोंचा हिशेबी हात दिसतो. इस्रायलकडून वापरलेले ७२ एएमएक्स-१३ रणगाडे घेतले. त्यांतले काही १९६९ च्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात रस्त्यावर आले तेव्हा शेजारी मलेशियाकडे एकही रणगाडा नव्हता. अमेरिकी नौदलाची जुनी स्कायहॉक विमानं घेऊन नवी इंजिनं बसवली आणि आणखी कित्येक वर्षं वापरली. स्वीडनकडून साठच्या दशकात बांधलेल्या पाणबुड्या घेऊन त्या उष्ण समुद्राजोग्या करून घेतल्या. जर्मनीचे वापरलेले लेपर्ड रणगाडे घेतले. जुनी गाडी घेऊन गॅरेजात नवी करणाऱ्या शहाण्या मध्यमवर्गीयासारखं हे आहे. पण काडतुसांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हेही पहिल्यापासून ठरलेलं. त्यासाठी १९६७ सालीच कारखाना काढला. आज हा देश रायफलीच नव्हे, तर तोफाही बनवतो.

माणसं मिळाली, शस्त्रं मिळाली. जागा मात्र विकतही मिळत नाही, म्हणून ती जगभर मागितली. पायदळ १९७५ पासून तैवानमध्ये आणि १९९० पासून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या शोलवॉटर बे इथे सराव करतं. ते मैदान सिंगापूरच्या जवळपास चौपट आहे. वैमानिक पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि फ्रान्समधल्या काझो इथे शिकतात, लढाऊ विमानांच्या तुकड्या अमेरिकेत अ‍ॅरिझोना आणि आयडाहोत असतात. २००७ मध्ये भारताशी हवाईदलाचा करार झाला, कलाईकुंड्यासाठी. २००८ मध्ये भूदलाचा. रणगाडे झाशीजवळ बबिनाला आणि तोफा आमच्या देवळालीला.

उसन्या जागेचे फायदे अनपेक्षित असतात. २००५ साली कतरिना वादळात अमेरिकेत पूर आला, तेव्हा टेक्सासमध्ये सरावासाठी ठेवलेली सिंगापूरची चार चिनूक हेलिकॉप्टरं यजमानांच्या मदतीला उडाली. त्याआधी डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या मेउलाबोहला अगदी सुरुवातीला पोचलेल्यांत सिंगापूरची जहाजं होती. ज्या शेजाऱ्याच्या भीतीनं फौज उभी केली, त्याच्याच किनाऱ्यावर ती पाणी आणि औषधं घेऊन उतरली.

तोटेही तसेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये तैवानहून परतणारी नऊ टेरेक्स चिलखती वाहनं हाँगकाँगच्या बंदरात अडकवली गेली. चीनला तैवानशी असलेला हा संबंध खुपत होता. दोन महिन्यांनी वाहनं सुटली. पण जागा उसनी घेतली, की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणात आपलंही सामान सापडतं.

इथपर्यंत वाचताना मला गोंचं आणि लींचं कौतुकच वाटत होतं. मग एक प्रकरण आलं आणि थांबलो. मलय हे त्या बेटाचे मूळ रहिवासी, पण १९६७ नंतर जवळजवळ दहा वर्षं मलय मुलांना बोलावणीच फारशी येत नव्हती. शेजारच्या मलेशियाशी प्रसंग आला तर ही मुलं कुणाच्या बाजूनं उभी राहतील, अशी शंका. मालक लोक नोकरी देताना विचारत, लष्करी सेवा झाली का? झालेली नाही आणि माफीही नाही, म्हणजे उद्या बोलावणं येऊ शकतं. मग अशा मुलाला कोण कामावर ठेवणार? १९८७ मध्येसुद्धा ली शिएन लूंग या तेव्हाच्या मंत्र्यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं, की देशाशी निष्ठा आणि धर्म यांत सैनिकाला निवड करावी लागेल अशा जागी आम्हाला त्याला ठेवायचं नाही. पहिला मलय ब्रिगेडियर जनरल झाला २००९ मध्ये. माणसं, रणगाडे, मैदानं सगळं उसनं मिळालं, पण स्वतःच्या नागरिकावरचा विश्वास कुठला मेक्सिकन आणून देणार?

आणि ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांनाही किंमत पडते. जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅलोयसियस पँग हा अठ्ठावीस वर्षांचा अभिनेता राखीव सेवेसाठी न्यूझीलंडला गेला होता. प्रायमस तोफेच्या आत दुरुस्तीचं काम चालू असताना खाली येणाऱ्या नळीत तो चिरडला आणि काही दिवसांनी गेला. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता, देशही आपला नव्हता.

ही बातमी बहिणीनं मला वाचून दाखवली तेव्हा भाच्याचं बोलावणं यायचं होतं. आलं तेव्हा ती आणि मेहुणे त्याला सोडायला टेकाँग बेटावर गेले. तिथे आईवडिलांनाही फेरीबोटीतून नेतात, राहायची जागा दाखवतात, मुलाबरोबर तिथलं जेवण देतात आणि शपथ झाली की परत पाठवतात. "जेवण बरं होतं," बहीण म्हणाली. बाकी काही बोलली नाही.

भाचा पायदळात गेला, शोलवॉटर बेला जाऊन आला, सुटला. आता तो नोकरी करतो, पण चाळिशीपर्यंत राखीव आहे. दर वर्षी धावण्याची, जोर-बैठकांची परीक्षा आणि अधूनमधून बोलावणं. सरावाच्या बोलावण्यात पलटणींची सांकेतिक नावं टीव्हीवर, रेडिओवर, सिनेमाच्या पडद्यावरसुद्धा येतात. नाव आलं की उठायचं.

गेल्या दिवाळीत तो देवळालीला आला होता. दुपारी चहा घेत गच्चीत बसलो असताना तोफांचा आवाज सुरू झाला. त्यानं कान दिला आणि म्हणाला, "मामा, हे एकशे पंचावन्न असणार." मी इथे जन्मलो, तरी मला कधी आकडा सांगता आला नव्हता. मी विचारलं, "दोन वर्षं फुकट गेली असं वाटतं का रे?"

तो जरा वेळ गप्प बसला. "फुकट नाही. पण माझ्या बॅरेकमध्ये एक मलय मित्र होता. त्याच्या आजोबांना बोलावणंच आलं नव्हतं कधी. ते त्याला सोडायला टेकाँगला आले होते आणि सगळ्यांत जास्त तेच रडत होते. तेव्हा मला कळलं नव्हतं का ते."

डोंगराच्या बाजूला लाल निशाण होतं. खालच्या वाटेनं एक गुराखी म्हशी उलट्या दिशेला हाकत होता.