रशियातील जमीन आणि आमची खोती

रशियन क्रांतीविषयी बोलावयाचे म्हटले की आपल्याकडे वक्ते एकदम पेट्रोग्राडच्या चौकात जाऊन उभे राहतात. मला तिकडे जाण्यापूर्वी कोकणातल्या खळ्यावर थोडे थांबावेसे वाटते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोतीची. पीक उभे असतानाच खोताचा माणूस अभावणीस येई, डोळ्यांनी अदमास घेई, आणि त्या आकड्याप्रमाणे भाताचा निम्मा वाटा खोताच्या घरी जाई. असे कूळ ते अर्धेली. तिसरा हिस्सा देणारे ते तिर्धेली. पुढे पाऊस कोसळून भात आडवे झाले तरी आकडा सहसा हलत नसे. वर वेठ होतीच. मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा हा वतनदार. १८८० च्या खोती कायद्याने त्याचे हक्क आणि कुळांचे दर्जे कागदावर आले इतकेच.

रशियात १८६१ साली झारने भूदासांना मुक्त केले. दोन कोटींहून अधिक माणसे एका फर्मानाने मोकळी झाली, परंतु जमिनीची किंमत त्यांनी ४९ वर्षांच्या हप्त्यांनी फेडावयाची होती! १९०५ च्या उठावानंतर, १९०७ पासून, ते हप्ते एकदाचे रद्द झाले. म्हणजे दोन पिढ्या माणूस स्वतंत्र आणि कर्जबाजारी, दोन्ही एकाच वेळी.

नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेविकांनी सत्ता हाती घेताच दुसऱ्याच दिवशी जमिनीचा हुकूम काढला: जमीनदारी मोबदल्यावाचून नाहीशी. शेतकऱ्याच्या दृष्टीने क्रांती ती हीच. पण यादवीच्या काळात सरकारी तुकड्या धान्य उचलून नेऊ लागल्या, तेव्हा त्याने पेरणी आखडती घेतली. १९२१ मध्ये व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला. लेनिनने त्याच साली माघार घेऊन ठराविक धान्यकर ठेवला आणि उरलेले बाजारात विकण्यास मोकळीक दिली. ही सात-आठ वर्षे रशियन खेड्याला बरी गेली असावीत. १९२९ पासून स्टालिनने सामुदायिक शेतीची सक्ती केली. गुरे दावणीची सुटली, जरा बरी स्थिती असलेली कुटुंबे हद्दपार झाली, आणि १९३२–३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान व व्होल्गाकाठी लक्षावधी लोक मेले. त्याच काळात शहरी माणसाला अंतर्गत पासपोर्ट मिळाला; सामुदायिक शेतावरच्या बहुसंख्य माणसांना तो १९७४ च्या निर्णयानंतर मिळू लागला. तोवर गाव सोडण्यास परवानगी लागे. आमचे कूळ निदान बोटीत बसून मुंबईस तरी जाऊ शकत होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९७ च्या जनगणनेत शंभरात एकवीस साक्षर असलेल्या त्या देशात १९३९ पर्यंत बहुतेक प्रौढांना लिहितावाचता येऊ लागले होते. ही गोष्ट लहान नव्हे.

मुंबईचा उल्लेख आला तो अकारण नाही. जुलै १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली तेव्हा गिरण्या बंद पाडणाऱ्यांत कोकणच्या खेड्यांतून गेलेले कामगार पुष्कळ होते, आणि त्या संपाची दखल दूर युरोपात बसलेल्या लेनिनने आपल्या लेखात घेतली. टिळकांचे घराणे मात्र चिखलगावच्या खोतांचे. इतिहास कधीकधी अशी थट्टा करतो.

आमची जमिनीची लढाई गोळीबारावाचून झाली, पण फुकट झाली नाही. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेती न कसण्याचा संप पुकारला. तो सहा वर्षे चालला. आपलेच शेत पडीक ठेवून सहा पावसाळे काढणे म्हणजे काय, हे भातशेती करणाऱ्यासच कळेल. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, १९५० पासून. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, कूळ कायद्याने मालक मानले गेले. येथेही किंमत द्यावयाचीच होती: कायम कुळाने खंडाच्या सहापट, इतरांनी आकाराच्या वीस ते दोनशेपट, जास्तीत जास्त बारा हप्त्यांत. झारच्या ४९ वर्षांशी ताडून पाहावे.

मात्र त्या दिवसापूर्वीच अनेक कुळांनी जमिनी 'राजीखुशीने' सोडल्याचे कागद झाले होते. दांडेकर आणि खुदानपूर यांनी कूळकायद्याच्या अंमलाची पाहणी केली तेव्हा ही राजीखुशी किती तकलादू होती ते उघड झाले. खोताच्या ओसरीवर उभे राहून नाही म्हणणे सोपे नव्हते.

आणखी एक गोष्ट आपल्या वैभववाडीच्या बाजूस विशेष लागू पडते. स्वतः कसणे याच्या व्याख्येत कुटुंबातील माणसांचे श्रमही कायद्याने धरले. त्यामुळे गिरणीत तीन पाळ्यांत राबणारा पुरुष गावी कूळ म्हणून टिकला, ही त्या कायद्याची मोठीच सोय झाली. चिखलात उतरून लावणी करणारी, करूळच्या घाटाखालच्या वरकसात नाचणी पेरणारी मात्र घरातली बाई होती. १९५७ नंतर सातबाराच्या उताऱ्यावर खोताचे नाव खोडून जे नाव लिहिले गेले, ते बहुधा मुंबईतल्या पुरुषाचे.