तक्रारीची वही आणि इंधनावरचा कर

२०१८ च्या डिसेंबरात मी दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर इतिहास शिकवीत होतो. पॅरिसमधल्या जळत्या मोटारींची छायाचित्रे त्या आठवड्यात सगळीकडे झळकत होती. प्राध्यापकांच्या खोलीत एक ज्येष्ठ सहकारी वर्तमानपत्र खाली ठेवीत म्हणाले, "बघा, पृथ्वी वाचवण्यासाठी सरकारने इंधनावर चार पैसे कर वाढवला, तर हे लोक राजधानी पेटवायला निघाले. सामान्य माणसाला उद्याचे भानच नसते."

मी काही बोललो नाही. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात मोटारसायकलवर जाताना माझ्या मानधनातला किती भाग टाकीत जातो, याचा हिशेब मला पाठ होता. पण तो त्या खोलीत सांगण्यासारखा नव्हता. मला लागले ते 'भान नसते' हे वाक्य. हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. आपल्या आजोबांनी मेलेली ढोरे ओढणे नाकारले तेव्हा त्यांना गावाच्या आरोग्याचे भान नव्हते, आणि नातवाने शिष्यवृत्ती मागितली की त्याला गुणवत्तेचे भान नसते. तक्रार करणाऱ्याची तक्रार तपासण्याआधी त्याची लायकी तपासायची, ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. म्हणून फ्रान्समधल्या त्या माणसांची तक्रार नेमकी काय होती, हे मी मुळातून वाचायला घेतले.

कोळसा, डिझेल, पेट्रोल, वायू जाळल्यावर जो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो, त्याच्या वजनाच्या हिशेबाने बसवलेला कर म्हणजे कार्बन कर. फ्रान्समध्ये तो प्रथम आणायचे ठरले ते राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या काळात. १ जानेवारी २०१० पासून टनामागे १७ युरो, असा तो बसणार होता. पण २९ डिसेंबर २००९ रोजी, म्हणजे अंमल सुरू व्हायला तीन दिवस उरले असताना, तिथल्या घटना परिषदेने तो रद्द ठरवला. कारण मोठे मार्मिक होते. कायद्यात इतक्या सवलती ठेवल्या होत्या की, इंधनाचा वापर सोडला तर उद्योगांतून निघणाऱ्या कार्बनपैकी ९३ टक्के कार्बन करातून सुटणार होता. हजारांहून अधिक मोठे प्रदूषक कारखाने वगळलेले होते. सार्वजनिक बोजा सर्वांनी सारखा उचलावा या तत्त्वाचा हा भंग आहे, असे परिषदेने म्हटले. हे तत्त्व १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले. कर प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे वाटला जावा, असे त्याचे तेरावे कलम सांगते.

वाचकांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. नऊ वर्षांनी रस्त्यावर आलेल्या माणसांनी जे म्हटले त्याचा गाभा यात आहे. फरक इतकाच की परिषदेच्या सभासदांना कोणी अडाणी म्हटले नाही.

२०१४ मध्ये कर नव्या रूपात परत आला. ह्या वेळी तो इंधनावरच्या जुन्या करात मिसळून टाकला होता. पहिल्या वर्षी टनाला ७ युरो, मग १४.५, २२, ३०.५, आणि २०१८ मध्ये ४४.६ युरो. पुढे २०२२ पर्यंत ८६.२ युरोंपर्यंत न्यायचे कायद्याने ठरून गेले होते. मोठे कारखाने या करातून पुन्हा बाहेरच होते. त्यांच्यासाठी युरोपचा कार्बन परवान्यांचा वेगळा बाजार होता. तिथे २०१८ चा बराच काळ टनाचा भाव वीस युरोंच्या आत राहिला, आणि कित्येक कारखान्यांना परवान्यांचा मोठा हिस्सा फुकट मिळत होता. विमानाच्या इंधनावर तर हा कर नव्हताच. म्हणजे पहाटे चार वाजता आजाऱ्याची शुश्रूषा करायला तीस किलोमीटर जाणारी बाई आपल्या जुन्या डिझेल गाडीतून जो कार्बन सोडते, त्याचा दर पोलाद भट्टीच्या कार्बनापेक्षा जास्त. पैसा जात होता कुठे? सुरुवातीच्या आखणीतच या उत्पन्नाचा एक भाग कंपन्यांना दिलेल्या करसवलतीची खिंडार बुजवण्यासाठी धरला होता. बाकीचा बहुतांश सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत.

डिझेलची गोष्ट आणखी वेगळी. फ्रेंच सरकारने कित्येक दशके डिझेलवरचा कर पेट्रोलपेक्षा कमी ठेवला, आणि लोकांनी डिझेलच्या गाड्या घेतल्या. शहरात घरभाडे परवडेना म्हणून माणसे दूरच्या वस्त्यांत राहायला गेली. तिथली छोटी रेल्वेस्थानके, टपाल कचेऱ्या, प्रसूतिगृहे एकेक करून बंद होत गेली. सरकारने आधी माणसाला गाडीत बसवले, मग गाडीत बसल्याचा दंड लावला. २०१९ च्या जानेवारीत डिझेल लिटरमागे आणखी सहा-साडेसहा सेंटने महागणार होते.

याच सुमारास दुसरी एक घटना घडली होती. १ जानेवारी २०१८ पासून श्रीमंतांच्या एकूण संपत्तीवरचा कर रद्द करून फक्त स्थावर मालमत्तेवर ठेवला गेला. शेअर आणि रोखे मोकळे झाले. कार्बन कराची वाढ आणि ही सूट एकाच अंदाजपत्रकाच्या वर्षातली. लोकांनी दोन्ही रकमा शेजारी शेजारी मांडल्या. ह्याला अज्ञान म्हणायचे की हिशेब?

तक्रारीला वाचा फोडली ती प्रिसिलिया लुडोस्की या बाईंनी. मार्टिनिक बेटातून आलेल्या कुटुंबातली ही काळी स्त्री. पूर्वी बँकेत नोकरी, मग स्वतःचा लहानसा प्रसाधनांचा व्यवसाय. २०१८ च्या मे महिन्यात तिने इंधनाचे दर उतरवावेत यासाठी एक अर्ज सह्यांसाठी खुला केला. लिटरमागच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा कराचाच कसा आहे, हे तिने त्यात उलगडून दाखवले होते. पर्यावरणाला तिचा विरोध नव्हता. लोकांना गाडी कमी चालवावी लागेल असे उपाय करा, असे तिचे म्हणणे होते. पुढे या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी देशभरच्या चौकांत २ लाख ८० हजारांहून अधिक माणसे उभी राहिली, हा सरकारचाच आकडा. अंगात पिवळी जाकिटे. ही जाकिटे प्रत्येक मोटारीत ठेवण्याची सक्ती २००८ पासून कायद्यानेच केलेली होती.

तरीही जगभर गेलेली प्रतिमा गोऱ्या, रागावलेल्या, खेडवळ पुरुषाची. अर्ज लिहिणारी काळी बाई त्या चित्रातून जवळजवळ पुसली गेली. चळवळीचा इतिहास कोणाच्या नावावर लिहिला जातो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आणि पॅरिसच्या कडेच्या वस्त्यांत राहणारे अरब आणि आफ्रिकी वंशाचे तरुण सुरुवातीला दूरच उभे होते, हेही सांगितले पाहिजे. पोलिसांची लाठी काय असते हे त्यांना आधीच ठाऊक होते. गोऱ्या फ्रान्सला ते तेव्हा कळत होते. २०१६ मध्ये पोलिसी ताब्यात मेलेल्या अदामा त्राओरेच्या नावाने चालणारी समिती १ डिसेंबरच्या मोर्चात सामील झाली. रबरी गोळ्यांनी वीसहून अधिक निदर्शकांचा एकेक डोळा त्या हिवाळ्यात गेला.

४ डिसेंबरला पंतप्रधान फिलीप यांनी वाढ सहा महिने स्थगित केली आणि दुसऱ्याच दिवशी २०१९ ची वाढ पूर्ण मागे घेतली गेली. दर ४४.६ युरोंवर गोठला. संपत्ती कर मात्र परत आला नाही.

माझ्या दृष्टीने यातला सगळ्यात मोलाचा भाग यानंतरचा आहे. लहान गावांच्या महापौरांनी नगरभवनांत कोऱ्या वह्या ठेवल्या आणि म्हटले, तुमची तक्रार लिहा. नाव दिले 'काइये द दोलेआंस', तक्रारींच्या वह्या. हे नाव १७८९ चे. राज्यक्रांतीच्या वसंतात राजाने प्रतिनिधींची सभा बोलावली तेव्हा खेड्याखेड्यांतून अशा हजारो वह्या लिहिल्या गेल्या. त्यांतली नेहमीची तक्रार मिठावरच्या कराची, म्हणजे 'गाबेल'ची. राज्याच्या मोठ्या भागात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरावीक मीठ सरकारी भावाने विकत घ्यावेच लागे. सरदार, धर्मगुरू, अधिकारी यांपैकी अनेकांना मात्र सूट. ज्याच्याशिवाय चुलीवर भांडे चढत नाही त्यावर कर, आणि ज्याच्या घरी पक्वान्न शिजते त्याला माफी. १७९० मध्ये 'गाबेल' गेला.

पण १७८९ च्या त्या वह्या कोणी लिहिल्या? गावच्या सभेत बसण्याचा हक्क पंचवीस वर्षांवरच्या, कराच्या यादीत नाव असलेल्या पुरुषांना. बाया बहुतेक बाहेर, घरगडी बाहेर. लेखणी वकिलाच्या, नोंदणी कारकुनाच्या हातात. मग गावोगावच्या वह्या जिल्ह्याला गेल्या, तिथे त्यांचा एक गोषवारा झाला, आणि जमीनदाराच्या वेठीबद्दलची कडवट वाक्ये पुष्कळ वेळा त्या गोषवाऱ्यात मवाळ झाली. हे वाचताना मला आपला कुलकर्णी आठवला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच ओसरीवर जाऊन ती लिहवून घ्यायची, अशी ज्या समाजाची गत होती, त्याची तक्रार दप्तरात सापडणार कशी? जोतीरावांनी लेखणी हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा ती साखळी तुटली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी मांडलेला मुद्दा कराचाच होता: सरकारी उत्पन्न कष्टकरी रयतेच्या घामातून येते, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. कर किती, याहून तो कोणाकडून येतो आणि कोणाकडे जातो, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

बाबासाहेबांनी तो शास्त्राच्या भाषेत मांडला. फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी जमीन महसूल आणि प्राप्तिकर यांची तुलना केली. प्राप्तिकर उत्पन्न झाले तरच द्यावा लागतो. शेतसारा मात्र पिको न पिको द्यावाच लागतो, आणि एक एकरवाल्याला व शेकडो एकरांच्या मालकाला दर तोच. महाडच्या सत्याग्रहाच्या महिनाभर आधीचे हे भाषण आपल्या कार्यकर्त्यांच्या वाचनात फारसे नसते. चवदार तळे सगळ्यांना आठवते, शेतसारा कोणाला आठवत नाही. तळ्यावरचा हक्क आणि करातला न्याय हे बाबासाहेबांच्या लेखी एकाच लढ्याचे भाग होते, असे माझे मत आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो. मी कार्बन कराच्या विरोधात नाही. ऊन वाढते तेव्हा ते प्रथम वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या फडातल्या, गटारात उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर वाढते. ही माणसे कोण आहेत हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. हवेत कार्बन सोडणाऱ्याने किंमत मोजावी, हे न्यायाचेच आहे. पण जो सगळ्यात जास्त सोडतो त्याने आधी मोजावी. पैसे परत देऊनही हा प्रश्न आपोआप सुटत नाही, हे कॅनडात दिसले. तिथे २०१९ पासून इंधनावरच्या कार्बन आकाराचे बहुतेक पैसे कुटुंबांना परत दिले जात, आणि कमी मिळकतीच्या पुष्कळ कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त मिळत. तरी पंपावरचा आकार रोज दिसे, परतावा तीन महिन्यांतून एकदा येई. 'कर तोडा' ही घोषणा उजव्या पक्षाने उचलली, आणि १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा तो आकार नव्या पंतप्रधानांनीच शून्यावर आणला. गरिबाची तक्रार आपण ऐकली नाही तर ती दुसरा कोणी उचलतो आणि आपल्या कामाला लावतो.

माझे ते ज्येष्ठ सहकारी त्या दिवशी आणखी एक म्हणाले होते: "आपल्याकडे बरे, असला कर नाही." होता. २०१० पासून कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जेसाठीचा उपकर बसला, २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. कोणी चौक अडवला नाही, कारण तो पंपावर दिसत नव्हता. विजेच्या बिलात विरघळून येत होता. चंद्रपूर, कोराडीच्या राखेत राहणारा माणूसही तो भरत होता, आणि त्याला ते माहीत नव्हते. पहिल्या आठ वर्षांत ८६ हजार कोटींहून अधिक रुपये गोळा झाले. त्यांतले स्वच्छ ऊर्जेच्या निधीत पोहोचले ३० हजार कोटींच्या आत, आणि प्रकल्पांवर खर्च झाले १६ हजार कोटींच्याही आत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तो उपकर राज्यांच्या भरपाईसाठी वळवला गेला आणि स्वच्छ ऊर्जेचे नावही उरले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कोळशावरचा तो भरपाई उपकरही काढून घेतला आणि वस्तू व सेवा कराचा दर ५ वरून १८ टक्के केला.

फ्रान्समधल्या वह्यांचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगतो. सुमारे वीस हजार वह्या भरल्या. ज्या संशोधकांनी त्या वाचल्या त्यांना त्यांत पुन्हा पुन्हा आढळले ते करातला न्याय, तुटपुंजे निवृत्तिवेतन, बंद पडलेली दवाखाने-स्थानके, आणि संपत्ती कर परत आणा ही मागणी. सरकारने त्या सर्वांसाठी खुल्या करण्याचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात त्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत जाऊन पडल्या. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या लोकसभेने त्या प्रसिद्ध कराव्यात असा ठराव संमत केला. तोवर वह्या बंद होऊन सहा वर्षे झाली होती, आणि लिहिणाऱ्यांतले पुष्कळजण तेव्हाच उतारवयाचे होते.